तुमचा शेवटचा घाना, म्हात्रे

म्हात्रे, चार्ज भट्टीत असताना माणूस जागा सोडत नाही. हा नियम माझा नव्हे, तुमचा. शेठच्या केबिनमध्ये टेबलावर हात आपटून तुम्हीच तो करून घेतलात, पत्र्याच्या पाटीवर लाल रंगात लिहवून भट्टीच्या तोंडाशी टांगलात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवलात. ‘ज्याने भरला, त्यानेच काढायचा.’ आणि स्वतः काय केलंत? उजाडताच चार्ज भरलात, पेटवलात आणि चालू लागलात. ना रजेचा अर्ज, ना कुणाला काही सांगणं.

आज तुमचा दहावा झाला. घणसोलीहून जुईनगरला घरी आले, आंघोळ केली, चहा केला आणि तो निवून त्यावर साय धरेपर्यंत तुमच्यावर चिडत बसले. आमचे हे म्हणाले, "अगं, गेलेल्या माणसावर कुणी रागावतं का?" मी म्हटलं, तुम्ही म्हात्रेंबरोबर एक पाळी काढली असती तर हा प्रश्न विचारला नसता. मग ते म्हणाले, मनात ठेवू नकोस, लिहून काढ. म्हणून बसलेय लिहायला. ज्यांना आपलं काम माहीत नाही त्यांनाही कळावं म्हणून आधी थोडं समजावून सांगते. तुम्ही मध्ये बोलू नका.

आपल्याकडे येतो तो मॉलिब्डेनमचा खनिजचुरा. काळसर, चकचकीत, बोटाला पेन्सिलीच्या शिशासारखा लागणारा. त्यात धातू आणि गंधक एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात, आणि गंधक सुटल्याशिवाय पोलादवाल्यांना त्या धातूचा उपयोग नाही. म्हणून तो भाजायचा. विटांची लांबट भट्टी, तिच्या दोन्ही अंगांना दारं, आत पसरलेला चुरा, आणि दारातून लांब दांड्याचं दाताळं घालून तो सारखा वरखाली करायचा. सुरुवातीला बर्नरची ज्योत द्यायची. गंधकानं एकदा पेट घेतला की बर्नर बंद, कारण पुढे गंधकच जळत राहतं आणि त्याच्याच आचेवर माल भाजतो. धूर टॉवरमध्ये जातो, तिथे चुन्याचं पाणी त्याला धरून ठेवतं. काळा चुरा हळूहळू पिवळा होतो आणि निवला की हिरवट दिसायला लागतो. सगळं सुरळीत झालं तर एवढंच. पण आच हाताबाहेर गेली तर चुरा मऊ होऊन एकमेकाला चिकटतो, त्याचा गठ्ठा होतो आणि आतलं गंधक आतच कोंडतं. मग तो माल ना धड कच्चा, ना धड पक्का. छिन्नी-हातोड्यानं फोडून काढावा लागतो.

चार्जला, म्हणजे एका वेळी भट्टीत भरायच्या मालाला, तुम्ही घाना म्हणायचात, भज्यांचा असावा तसा. इंजिनिअर माणूस, पण बाहेरून पाहुणे आले तरी त्यांच्यासमोर घाना. मी टोकलं की म्हणायचात, "मॅडम, घान्याला घानाच बोलनार. चार्ज तं मोबाइलला करतात."

आपलं भांडण होतं ते पेटवण्यावरून. माझं म्हणणं सरळ होतं. थर पातळ पसरा, ज्योत सगळीकडे फिरवा, चार्ज एकदम पेटू द्या आणि ताबडतोब बर्नर बंद करा. एकदम पेटला की सारखा भाजतो. इकडे कच्चा आणि तिकडे करपलेला असं होत नाही. तुमचं म्हणणं, एका टोकाला आग लावायची आणि तिला आपल्या पायांनी दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ द्यायचं. "मॅडम, आग चालत आली पायजे. धावत आली का ती कोनाची नसते." हे वाक्य तुम्ही इतक्या वेळा म्हटलंत की दाताळं मारणारा गणपतसुद्धा तुमच्या मागे उभा राहून ओठ हलवायचा. दोघांकडेही धातुशास्त्राची पदवी, दोघांच्या कपाटात तेच जाडजूड पुस्तक, आणि पुस्तकात दोन्ही पद्धती दिलेल्या. पुस्तकानंच आपला घात केला. एकाच्या बाजूनं निकाल दिला असता तर निदान डबा तरी शांतपणे खाल्ला असता.

आणि वादात हरायला लागलात की तुमचे आजोबा यायचे. मी आकडे काढले, तापमानाचा आलेख समोर ठेवला, तुम्हाला उत्तर सुचेनासं झालं की तुम्ही बुटाची टाच जमिनीवर आपटायचात. "मॅडम, ही भट्टी जिथं हाय ना, तिथं आमच्या आजाचा बांध होता. आमी आदी भात पिकवला हितं, मंग तुमी आलाव." मी साताऱ्याकडची, माझ्या आजोबांचा बांध तिथे राहिला. आकड्यांना आकड्यांनी उत्तर देता येतं. आजोबांना काय उत्तर देणार? शिवाय भट्टी नेमकी त्याच बांधावर आहे याला पुरावा काय, असं एकदा विचारलं तर तुम्ही दोन दिवस माझ्या डब्यातला ठेचा खाल्ला नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःहून सुक्या बोंबलाची चटणी पुढे सरकवलीत आणि वर म्हणालात, "घ्या, राग गिला असंल तं." राग तुम्हाला आला होता, म्हात्रे!

आपल्या दोघांनाही गप्प करू शकणारं माणूस एकच, सुनंदावहिनी. थंडीत सकाळचा वारा डोंगराकडून खाडीकडे वाहतो, आणि वाटेत तुमचं गाव. टॉवरचा पंप जरा कमी पडला, चुन्याचं पाणी जरा पातळ झालं की आपल्या पॅनेलवरचा दिवा लागायच्या आत तुमच्या फोनवर वहिनी. "अवो, काय चाललंय तुमचं? घसा जलतोय माझा. पंप बगा पयला." तुम्ही फोन कानापासून लांब धरायचात आणि मला म्हणायचात, "मॅडम, घरनं नोटीस आली." मग टॉवरकडे धावायचात. इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांसमोर तुम्ही इतके कधी धावला नाहीत.

आता आईचं सांगते.

माझ्या धाकट्या भावाचा गावाहून फोन आला तेव्हा मी नुकताच चार्ज पेटवला होता. आई आता राहत नाही, लवकर ये, म्हणाला. मी तुम्हाला म्हटलं, एवढा उतरला की निघते. मला खरंच तसं वाटत होतं. भट्टीपाशी उभ्या माणसाला भट्टीशिवाय काही दिसत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही माझ्या हातातलं दाताळं हिसकून घेतलंत. "घाना दुसरा भरता येल. निंगा." मी जागची हलले नाही तर ओरडलात, "निंगा म्हनतो ना!" शेठची गाडी मागवलीत, ड्रायव्हरला दम दिलात की वाटेत चहाला थांबलास तर याद राख, आणि माझी पर्स स्वतः लॉकरमधून आणून गाडीत टाकलीत. बूटसुद्धा बदलू दिले नाहीत.

मी पोचले तेव्हा आई शुद्धीवर होती. तिनं माझा हात हातात घेतला, नाकाशी नेला आणि म्हणाली, "आजून भट्टीपाशीच हैस व्हय गं तू?" मी हसले, तीही हसली. रात्र तिच्याशेजारी काढली. उजाडता उजाडता ती गेली. एक चार्ज तुमच्या गळ्यात टाकून गेले, म्हणून मला ते हसणं मिळालं.

तेरावा उरकून परत येताना सबंध रस्ता मी एकच घोकत होते. म्हात्रेंचे आभार मानायचे. असे तसे नाही, नीट, समोर उभं राहून. गेटातून आत आले, तुम्ही भट्टीपाशीच होतात. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "मॅडम, तुमचा घाना गठ्ठा निंगाला."

सांत्वनाचा शब्द नाही, कशा आहात नाही. "एकदम पेटवलाव ना. मी बोललेलो." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, मी बरोबरच पेटवला होता, तुम्ही पलीकडच्या कोपऱ्यात दाताळं फिरवलं नसणार. तुम्ही म्हणालात, दाताळं फिरवून हात सुजले माझे. मी म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा. ते भांडण केबिनपर्यंत गेलं आणि तिथून तो नियम निघाला: प्रत्येकाचा हात वेगळा, प्रत्येकाची आच वेगळी, तर यापुढे अर्धा चार्ज दुसऱ्याच्या हाती नाही. शेठनं कंटाळून मान डोलावली. तुम्ही त्याच दुपारी पेंटरला बोलावलंत.

आभार राहिले. तोंडापर्यंत आलेले, ते तुमच्या त्या गठ्ठ्यानं परत आत गेले. पुढे रोज भेटत होतो, पण रोज भांडतही होतो, आणि भांडता भांडता मध्येच थांबून आभार मानायची आपल्याकडे पद्धत नाही. आज बोलू, उद्या बोलू असं करत मी वर्षं घालवली. तुम्हीही काही कमी नव्हतात. मी जरा मऊ आवाजात "म्हात्रे" म्हटलं तरी तुम्ही संशयानं बघायचात आणि विचारायचात, "काय, परत बर्नर बदलायचा हाय कं?"

तर त्या सकाळी. माझी दुसरी पाळी होती, घरी भाजी चिरत होते. गणपतचा फोन. गणपत माझ्याच भागातला, तुम्हाला घाबरणारा.

"मॅडम, म्हात्रे सायबांच्या छातीत कळ आलीया. गाडीतनं दवाखान्यात न्हेलंय. जाताना म्हनलं, मॅडमला बोलवा, घाना पेटलाय."

मी विचारलं, "बर्नर बंद केला का?"

"न्हाय."

"मग कर!"

"मी कसा करू? भरला त्यांनी." वर म्हणाला, "आन् फोनवरनं सांगितल्यालं भट्टीपाशी ऐकायचं न्हाय, मानूस समूर पायजे, आसं सायबांनीच सांगून ठिवलंय. तुमी या लवकर."

म्हणजे बघा, म्हात्रे. चार्ज धडाडून पेटलेला, वरून बर्नर ओततोय, आणि एक धडधाकट माणूस खटक्यापासून हातभर अंतरावर पाटीकडे बघत उभा, का तर तुमचा नियम. तुमची शिस्त ही अशी. रिक्षात बसून मी तुम्हाला जे काही बोलले ते रिक्षावाल्यानं आरशात बघून ऐकलं. तोवर मला वाटत होतं तुम्हाला ॲसिडिटी झाली असणार. रिकाम्या पोटी बोंबील खाणारा माणूस.

मी आत शिरले, बर्नर बंद केला, सगळ्यात आधी. तुम्ही ज्यावर बसायचात त्या उपड्या पिंपावर तुमचा फोन वाजत होता. घरून होता. उचलला.

"अवो, कवापासून फोन करते! आज काय जीव घेनार हाव कं गावाचा? वास बगा केवडा सुटलाय!"

"वहिनी," मी म्हटलं, "मी बोलतेय."

मी तुमच्याऐवजी फोन उचलला यातच त्यांना सगळं कळलं असणार. मी दवाखान्याचं नाव सांगितलं. त्यांनी बरं म्हटलं, फोन ठेवला नाही. मग म्हणाल्या, "पंप वारवा तेवरा. पोरं खोकतात." आणि मग ठेवला.

पंप वाढवला. भट्टीचं दार उघडलं, आणि म्हात्रे, आत बघितलं. सगळा चार्ज पेटलेला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा, एकाच रंगाचा. चालत आलेली आग अशी नसते. ती एकीकडे पिवळी पडते तेव्हा दुसरीकडे काळी असते. हे बर्नर जास्त वेळ राहिल्यामुळेही झालं नव्हतं. थर पातळ होता. माझ्यासारखा पातळ. तुम्ही चार्ज माझ्या पद्धतीनं पेटवला होता.

गणपतला विचारलं, "हे कुणी केलं?"

"सायबांनीच."

"असं? एकदम?"

तो दाताळ्याच्या दांड्याकडे बघायला लागला. "सायेब आसंच पेटवत्यात, मॅडम. तुमी नसला की."

"कधीपासून?"

"लय दिस झालं. मला म्हनलं व्हतं, मॅडमला बोललास तर बग."

मी हसावं की तुमचं डोकं फोडावं, मला कळेना. माझी साप्ताहिक सुट्टी असली, मी रजेवर असले, की तुम्ही गुपचूप माझ्या पद्धतीनं चार्ज काढत होतात, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर उभं राहून आग चालत आली पाहिजे म्हणत होतात! ताकाला जाऊन भांडं लपवण्याची ही कुठली तऱ्हा? एकदा, फक्त एकदा, "मॅडम, तुमचं बरोबर हाय" म्हटलं असतंत तर तुमच्या आजोबांचा बांध कुणी पळवून नेणार होतं का? मी मनात ठरवलं, हा माणूस दवाखान्यातून परत येऊ दे. पाया पडायला लावते.

मग वेळ नव्हता. चार्ज जास्त तापला होता, दारापाशी चुरा दाताळ्याला चिकटायला लागला होता. कालचा तयार पिवळा माल आम्ही फावड्यानं उडवून लालबुंद जागांवर टाकला, म्हणजे आच जरा दबते. सगळी दारं सताड उघडली. गणपत एका अंगानं, मी दुसऱ्या अंगानं, दाताळं आत, ओढ, उलट, परत आत. कापड तोंडाला बांधलेलं, तरी डोळ्यांतून पाणी.

बाळारामचा फोन आला तो त्यातच. तुमचा भाऊ, तुमच्यापेक्षा निम्मं बोलणारा. "मॅडम, दादा गेला." मी विचारलं, "कुठे?" खरंच असं विचारलं मी. तो म्हणाला, "घरी आनताव. ऊन उतरलं का उचलनार. तुमी येताव ना?"

शेठ खाली आले. चांगला माणूस, म्हणून तर तुमचं इतकी वर्षं चाललं. म्हणाले, "मॅडम, राहू द्या. चार्ज गेला तर गेला, गठ्ठा झाला तर फोडून काढू. तुम्ही घणसोलीला जा. पंधरा मिनिटांचा रस्ता आहे." गणपत म्हणाला, "जावा मॅडम." मी गेले नाही.

लोकांनी याला काय नाव ठेवलं ते मला माहीत आहे. कामाची हावरी, दगडाच्या काळजाची. आमच्या सोसायटीतल्या एकीनं तर जिन्यात तोंडावर विचारलं. तिला मी काय सांगणार? आईच्या वेळी तुम्ही मला ढकलून बाहेर काढलंत, आणि तुमच्या वेळी मी दाताळं धरून बसले. दिसायला ते वाईटच दिसतं. पण माझ्या डोळ्यांसमोर एकच होतं. हा चार्ज बिघडला तर उद्यापासून डबा खाताना लोक काय म्हणणार? म्हात्रेंचा शेवटचा चार्ज गठ्ठा निघाला. बर्नर चालू राहिला हे सांगणार, नियमाची पाटी दाखवून हसणार. मी तुम्हाला हवं तसं बोलेन, तो माझा हक्क आहे. दुसऱ्या कुणी तुम्हाला हसलेलं मला चालणार नव्हतं.

आणि दुसरीकडे जीव तुटत होता. तुमचं तोंड एकदा बघायचं होतं. जे इतकी वर्षं राहिलं ते निदान तुमच्यासमोर उभं राहून म्हणायचं होतं, तुम्ही ऐका न ऐका. तुम्हाला उचललं की ते कायमचं राहणार, हे कळत होतं. दर थोड्या वेळानं मी दाराबाहेर उन्हाकडे बघत होते आणि परत आत वळत होते. आयुष्यात मला एखाद्या माणसाचा आणि एका भट्टीचा एकाच वेळी इतका राग आलेला नाही.

गंधक संपत आलं तशी आच आपोआप बसायला लागली. शेवटचं गंधक निघताना फार हळू निघतं, घाई करून चालत नाही, नुसतं हलवत राहायचं. तिथे मला तुमची इतकी आठवण आली की मी दाताळं टेकवून रडून घेतलं. गणपत पलीकडे तोंड करून उभा राहिला. मग पलीकडच्या कोपऱ्यात दांडा अडकला. बघते तर तिथे पोळीएवढी खपली धरलेली. मी स्वतःच्या हातानं तो कोपरा सकाळपासून उलटापालटा करत होते, तरी धरलीच. विटा तिथे खचल्यात, म्हात्रे. खळगा आहे, दाताळं वरून सरकतं. आईच्या वेळचा माझा चार्जही तिथूनच धरला असणार. तुमचा हात चुकला नव्हता आणि माझी आगही नाही. तुम्हाला हे पटलं नसतं, म्हणा. तुम्ही म्हणाला असतात, तुम्ही एकदम पेटवलात म्हणून. मी म्हटलं असतं, तुम्हीच पेटवलात!

खपली काढून टाकली. बाकी सगळा माल मऊ, भुसभुशीत उतरला. तापलेला असताना पिवळाधमक, निवताना हिरवट. तळहातावर घेऊन घासला. काळी रेघ उठली नाही, म्हणजे कच्चं काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी लॅबचा आकडा आला, तोही पास. पण मी आकड्याला थांबले नव्हते. नमुना दिला आणि तशीच निघाले, अंगावर भट्टीचे कपडे, केसांत गंधकाचा वास. ऊन केव्हाच उतरलं होतं. मला ठाऊक होतं मी पोचेपर्यंत सगळं संपलेलं असणार, तरी रिक्षावाल्याला घाई करत होते.

रिक्षा गावाच्या तोंडाशी थांबली, पुढे गल्ली अरुंद. धावत गेले. तुमच्या घरासमोर माणसं उभी, टॉवेल खांद्यावर, तिरडी बांधून तयार. बाळाराम पुढे आला, घामानं डबडबलेला, वैतागलेला. "बरं झालं आलाव. वहिनी हात लावू देत नाय कोनाला. बोलते, मॅडमचं काम उरकल्याबिगर उचलायचं नाय. दिवस बुडत आला."

बायकांनी वाट करून दिली, कुणी नाकाला पदर लावला. तुम्ही मधल्या खोलीत होतात, हार घातलेला, भांग पाडलेला. तुमचा भांग कुणी पाडला होता देव जाणे, चुकीच्या बाजूला होता. वहिनी उशाशी बसलेल्या, डोळे कोरडे. माझ्याकडे बघून त्यांनी एवढंच विचारलं, "उतरला कं?"

"उतरला," मी म्हटलं. "चांगला उतरला."

त्यांनी तुमच्याकडे हात केला, त्यांना सांगा अशा अर्थी. मी तुमच्या पायांशी उभी राहिले. वाटेत सगळं जुळवलं होतं. आईचं, त्या दिवसाचं, गाडीचं, दाताळं हिसकावल्याचं. हात जोडले, तोंड उघडलं आणि भरल्या घरात, सगळ्या गावासमोर माझ्या तोंडून जे निघालं ते हे: "म्हात्रे, बर्नर चालू ठेवून कुणी जातं का हो?"

कुणीतरी म्हातारी ‘अग बाई’ म्हणाली. मला वाटलं धरणीनं पोटात घ्यावं. तेवढ्यात वहिनींना हसू फुटलं. पदर तोंडाशी धरून हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. बायका सांगत होत्या, सकाळपासून पहिल्यांदा रडल्या. माझा मनगटाशी हात धरून त्यांनी मला खाली बसवलं.

"बोला मॅडम, आजून बोला यांना. सकालपासून जो येतो तो चांगलाच बोलतो. देवमानूस होता, बोलतात. शांत होता, बोलतात. मना तं वाटाया लागलं, कोना दुसऱ्यालाच घरात आनून ठेवलाय."

मग मी बोलले. पाटीवरून बोलले, आजोबांच्या बांधावरून, माझ्या माघारी माझ्या पद्धतीनं चार्ज काढल्यावरून. वहिनी रडत रडत ऐकत होत्या, मध्येच आपल्याकडचं एखादं घालत होत्या. बाळारामनं दोनदा दारातून डोकावून पाहिलं आणि माघारी गेला. पिंपावरून बोलले, रिकाम्या पोटी खाल्लेल्या बोंबलावरून बोलले. आईच्या त्या दिवसावर आले, तेवढ्यात माणसांनी तुम्हाला उचललं.